सुवाच्या तळ्याची वही

जपानच्या नागानो प्रांतात, डोंगरांच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून ७५९ मीटर उंचीवर सुवा नावाचं सरोवर आहे. विस्तार जेमतेम १३ चौरस किलोमीटर, खोली कुठेच सात-साडेसात मीटरच्या पुढे नाही. तरी जगभरातल्या बर्फाच्या अभ्यासकांना त्याचं नाव तोंडपाठ असतं. हे पाणी कोणत्या हिवाळ्यात गोठलं आणि कोणत्या हिवाळ्यात नाही, याच्या नोंदी तिथे १४४३ सालापासून ठेवल्या गेल्या आहेत.

या नोंदी कोणा शास्त्रज्ञाने नव्हे, देवळाच्या पुजाऱ्यांनी ठेवल्या. सुवाच्या दक्षिणेला ताकेमिनाकाता या देवाचं स्थान, उत्तरेला त्याच्या पत्नीचं, यासाकातोमेचं. कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या तळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत बर्फाचा एक खडबडीत बांध उभा राहतो. देव पत्नीला भेटायला चालत गेला, त्याची ही वाट, अशी लोकांची श्रद्धा. तिला ओमिवातारी म्हणतात. वाट कुठून निघाली, कशी वळली, यावरून पुढच्या पिकापाण्याचा अंदाज बांधायचा, म्हणून ती नीट पाहून लिहून ठेवायची.

हा बांध तयार होतो कसा? रात्री पारा खूप उतरला की बर्फाचा थर आकसतो आणि त्याला तडे जातात. खालचं पाणी तड्यांत चढतं आणि तिथेच गोठतं. दिवसा ऊन तापलं की थर पुन्हा फुगू लागतो, पण तड्याची जागा नव्या बर्फाने आधीच अडवलेली असते. पसरायला वाव नसलेला बर्फ मग तड्याच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी रेटला जातो, फुटतो आणि वर उचलला जातो. तेव्हा होणारा गडगडाट काठावरच्या घरांत ऐकू येतो. त्यासाठी पारा बरेच दिवस शून्याच्या खाली दहा अंशांच्या आसपास जावा लागतो. म्हणजे देव येऊन गेला असं लिहिलं, की त्या हिवाळ्यातल्या थंडीचीही नोंद आपोआप झाली.

आज हे काम यात्सुरुगी देवळाकडे आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत रोज पहाटे पुजारी कियोशी मियासाका आणि गावातले मानकरी काठावर जमतात. हवेचं तापमान बघतात, दोरीला तापमापक बांधून पाण्यात सोडतात. बर्फ धरला असेल तर कुऱ्हाडीने तुकडा फोडून त्याची जाडी मोजतात. बर्फ नसेल तर तेही लिहितात. मला या वहीची खरी थोरवी इथेच वाटते. घडलेलं कुणीही लिहून ठेवतो. न घडलेलं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवायला वेगळी निष्ठा लागते.

त्याच कोऱ्या हिवाळ्यांनी पुढे शास्त्राला मोठा आधार दिला. कॅनडाच्या यॉर्क विद्यापीठातल्या सपना शर्मा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जॉन मॅग्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या अडीचशे वर्षांत तळं न गोठल्याचे हिवाळे अवघे तीन. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत पाच. मधल्या काही काळातल्या नोंदी तितक्या भरवशाच्या नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर फार भार टाकता येत नाही. पण वरचे आकडे पुरेसे बोलके आहेत.

अर्थात एका तळ्यावरून साऱ्या पृथ्वीचं निदान करणं घाईचं ठरेल. सुवाभोवती वस्ती वाढली, तिचा परिणाम पाण्यावर होणारच. म्हणून या अभ्यासात जोडीला फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरची टोर्ने नदी घेतली होती. तिथे ओलोफ आल्बोम या व्यापाऱ्याने १६९३ मध्ये वसंतात नदीचा बर्फ फुटण्याची तारीख टिपायला सुरुवात केली. व्यापाऱ्याला नदी मोकळी कधी होते हे कळणं गरजेचंच होतं. हजारो किलोमीटर अंतरावरच्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांच्या या नोंदी एकच गोष्ट सांगतात: सुवा उशिरा गोठतं, टोर्नेचा बर्फ लवकर फुटतो, आणि हा बदल औद्योगिक क्रांतीनंतर झपाट्याने वाढला.

ध्रुवीय समुद्रांवरच्या बर्फाची उपग्रहांनी केलेली सलग मोजणी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. ती अत्यंत मोलाची आहे, पण जेमतेम अर्ध्या शतकाची. त्याआधीचे हिवाळे कसे होते हे शोधायचं तर अशा वह्यांकडे वळावंच लागतं.

सुवावर ओमिवातारी शेवटची उभी राहिली ती २०१८ मध्ये. २०१९ पासून २०२५ पर्यंत एकाही हिवाळ्यात ती झाली नाही, आणि यातलं प्रत्येक वर्ष देवळाच्या वहीत नोंदलेलं आहे.