तुला काय हवंय?

रविवारच्या फीस्टला पनीर की चिकन यावर आपल्या मेसमध्ये किती वाद होतात ते सांगायला नको. आवाज चढतात, मेस सेक्रेटरीचा उद्धार होतो आणि शेवटी हात वर करून निकाल लागतो. आता समजा, एखाद्याला बोलता येत नाही, खुणा करता येत नाहीत, मान हलवून हो-नाही सुद्धा सांगता येत नाही. त्याला काय हवंय हे विचारणार कसं?

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघं एका विशेष शाळेतल्या मुलाला मोठ्ठं बटण बनवून देत होतो. मनगटाचा हलका धक्का लागला की त्याच्या आवडीचं काहीतरी सुरू व्हावं, एवढंच. सर्किट म्हणाल तर सेकंड इयरचं. अडलं ते 'आवडीचं काहीतरी' इथे. त्याची आई म्हणाली गाणी, वडील म्हणाले पंख्याचा वारा. शाळेतल्या ताई म्हणाल्या, "कुणाचंच ऐकू नका, मोजा!" मग कळलं की तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांची आवड मोजण्याचं अख्खं शास्त्रच आहे.

तसं पाहिलं तर रोज सांभाळणाऱ्यांना विचारणं सर्वात सोपं. पण अमेरिकेत ग्रीन, रीड वगैरे संशोधकांनी १९८८ साली कर्मचाऱ्यांचा अंदाज आणि पद्धतशीर निरीक्षण समोरासमोर ठेवलं, तर दोन्ही जुळेनात! माया असणं आणि माहिती असणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे घरच्यांना पचवणं जरा जडच जातं.

त्याआधी १९८५ मध्ये पेस आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली होती. एका वेळी एकच वस्तू समोर ठेवायची आणि पाच सेकंद थांबायचं. माणूस तिच्याकडे वळला का, हात पुढे केला का, ते टिपायचं. १०० पैकी ८० वेळा किंवा जास्त वळला, तर ती आवडीची. गोची अशी, की काहीजण समोर येईल ते घेतात. (आपल्या हॉस्टेलवर असे बरेच आहेत.) मग सगळंच आवडीचं ठरतं. म्हणून १९९२ साली फिशर आणि मंडळींनी वस्तू जोडीने ठेवल्या: दोन्हींतली एकच घ्यायची. १६ वस्तू असतील तर जोड्या किती? बारावीचं कॉम्बिनेशन आठवा: १२०. वेळखाऊ काम! १९९६ मध्ये डिलिऑन आणि इवाटा यांनी शॉर्टकट काढला. सात वस्तू ओळीने मांडायच्या, उचललेली बाजूला काढून उरलेल्या पुन्हा मांडायच्या. मेरिट लिस्ट आपोआप तयार.

पण खरी मजा (आणि डोकेदुखी) एररमध्ये आहे. एखादा मुलगा कायम उजवीकडचीच वस्तू घेतो. ती त्याची आवड नाही, त्याचा उजवा हात बरा चालतो इतकंच. म्हणून प्रत्येक जोडी बाजू बदलून पुन्हा दाखवायची. जेवण झाल्या झाल्या खाऊची चाचणी घेण्यात अर्थ नाही. वस्तू काढून घेतली की कुणी चिडतं, स्वतःला मारून घेतं. तिथे सगळं समोर मोकळं ठेवून कशाजवळ किती वेळ रमतो ते घड्याळ लावून बघतात.

आणि सर्वात मोठी एरर म्हणजे आपण स्वतः. अमेरिकेत एकेकाळी न बोलणाऱ्यांचा हात धरून त्यांच्याकडून टाइप करून घेण्याची पद्धत गाजली होती. १९९० च्या दशकात हात धरणाऱ्याला एक चित्र आणि त्या व्यक्तीला दुसरं चित्र दाखवून तपासलं, तेव्हा हात धरणाऱ्याने पाहिलेलंच उतरलं. तो मुद्दाम फसवत होता असंही नाही. म्हणूनच हे जास्त भीतीदायक वाटतं मला.

आम्ही आठ गोष्टी घेतल्या, २८ जोड्या, बाजू बदलून ५६ वेळा. पंखा पहिला आला, गाणी पार खाली. तरी ताईंचं समाधान होईना. हात पुढे करणं वेगळं आणि त्यासाठी कष्ट घेणं वेगळं. मग काही दिवस बटणाला पंखा जोडला, काही दिवस वायर काढून ठेवली आणि दाबण्याची मोजणी केली. वायर काढली की दाबणं थंडावायचं, जोडली की परत सुरू. इटलीचे ज्युलिओ लान्चोनी यांनी तर हनुवटी किंवा पापणीच्या हालचालीवर चालणाऱ्या स्विचवर वर्षानुवर्षं असं काम केलंय.

वारा हवा की गाणं, इतपत यातून कळतं. कुठे राहायचं, कुणासोबत राहायचं हे ५६ जोड्यांत बसत नाही. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. म्हणजे पालकाने त्या व्यक्तीसोबत मिळून निर्णय घ्यायचा. सोबत म्हणजे नेमकं कसं, हे मात्र अशा मोजणीखेरीज कुणी धड सांगत नाही.

कधी विशेष शाळेत गेलात तर दोन वस्तू सारख्या अंतरावर धरा आणि पाच सेकंद गप्प थांबा. आपल्याला ते फार लांब वाटतात. त्याने दोन्ही ढकलल्या तर तेही लिहून घ्या. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा, कारण आवड बदलते.