पाणी गोड लागले, म्हणजे उसाला चालेलच असे नाही!



जुळे सोलापुरात राहणारे आमचे एक सभासद परवा भेटले. शेत दक्षिण सोलापूर तालुक्यात. म्हणाले, "बोअरला पाणी बक्कळ हाय, प्यायला गोड लागतंय. मग ऊस पिवळा का पडतोय?" आम्ही विचारले, "पाणी तपासलं का?" ते नुसते हसले. अशीच गत पुष्कळांची आहे, म्हणून हे चार शब्द.

चुनखडीच्या मुलखात पाणी भुयारांतून धावते. आपल्याकडे काळा पाषाण. पाणी मुरुमात, मांजऱ्या खडकात आणि फटींत हळूहळू मुरते. जितके मुरते तितके क्षार उचलते. त्यात पाऊस कमी, ऊन कडक. म्हणून बांधाला बांध असलेल्या दोन विहिरींचे पाणीही सारखे नसते.

जीभ फक्त मीठ ओळखते. सोडियम बायकार्बोनेटचे पाणी गोडच लागते, पण जमीन चोपण करते. ओली असता चिकट, वाळली की दगड! बायकार्बोनेटमुळे उसाला लोह मिळेनासे होते आणि केवडा पडतो.

अहवालात तीन आकडे पाहावेत. पहिला क्षारतेचा (ईसी): ०.७५ पर्यंत निर्धास्त, २.२५ च्या वर धोका. ऊस नाजूक, पाण्याची क्षारता साधारण १.१ च्या पुढे गेली की उतारा घटू लागतो. दुसरा सोडियमच्या प्रमाणाचा (एसएआर): १० च्या आत असावा. तिसरा उरलेल्या सोडियम कार्बोनेटचा (आरएससी): १.२५ पर्यंत चांगले, २.५ च्या वर नको.

आता हिशेब करा. ईसी २ असलेल्या पाण्याची आठ सेंटिमीटरची एक पाळी दिली, तर एकरात सुमारे चार क्विंटल क्षार पडतात. वर्षाच्या पाळ्या ज्याने त्याने मोजाव्यात! पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात.

नमुना असा घ्यावा: पंप अर्धा तास चालू द्यावा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून लिटरभर पाणी भरावे. औषधाची किंवा तेलाची बाटली नको. नाव, गट नंबर, तारीख लिहून चोवीस तासांत प्रयोगशाळेत द्यावी. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासावे.

पाणी खराब निघाले तर घाबरू नये. कालव्याचे पाणी मिळत असेल तर मिसळून किंवा आलटून-पालटून द्यावे. निचऱ्याचे चर काढावेत, धैंचा गाडावा. आरएससी जास्त असेल तर अहवालाप्रमाणे जिप्सम घालावे. जमीन चुनखडीची असेल तर गंधकाचा सल्ला घ्यावा. मात्र नुसत्या खारट पाण्याला जिप्सम हा उतारा नव्हे. तिथे निचराच हवा. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही टाकले, असे करू नये.

बोअरला लाखभर रुपये घालताना आपण मागे-पुढे पाहत नाही. मग बाटलीभर पाण्याचा कंटाळा का? पुढची लागण करण्याआधी एवढे कराच. जमीन एकदा चोपण झाली, की ती सुधारण्यात वर्षे जातात.