एका 'शेड्यूल'चे किती अर्थ!

'शेड्यूल' हा इंग्रजी शब्द आपल्या घरात रोज येतो, पण दर वेळी वेगळा होऊन येतो. अकोल्याच्या टेशनवर तो गाड्यांचे वेळापत्रक असतो. गोळ्यांच्या पाकिटावर 'शेड्यूल एच' छापलेले दिसले, की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नसते. (विकतात, ही गोष्ट निराळी.) 'शेड्यूल्ड बँक' म्हणजे वेळेवर उघडणारी बँक नव्हे, तर १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात जिचे नाव आहे ती.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कागदाचा चिटोरा. यादी, तक्ता, परिशिष्ट, अनुसूची ही सारी त्याचीच लेकरे.

आम्हांला या चिटोऱ्याचे मोल ठाऊक आहे. 'डिप्रेस्ड क्लासेस' जाऊन 'शेड्यूल्ड कास्ट्स' हे नाव १९३५ च्या कायद्याने आणले. १९३६ च्या हुकुमाने जातींची यादी लागली. १९४२ साली नागपुरात बाबासाहेबांनी याच नावाचे फेडरेशन उभे केले. परंतु १९५० च्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. १९५६ साली धम्म घेतला आणि केंद्राच्या सवलती गेल्या; त्या परत मिळायला १९९० ची दुरुस्ती यावी लागली. तब्बल ३४ वर्षे! तेवढ्यात एक पिढी नोकरीच्या वयाबाहेर गेली.

आज अमरावतीच्या कचेरीत दाखला काढणाऱ्या पोरीच्या अर्जावर नुसते 'एस.सी.' असते. तिने विचारलेच, तर आयाबहिणींनो, सांगा: यातला 'एस' टेशनवरच्या वेळापत्रकाचा नाही, त्या यादीतला आहे.