‘शेड्यूल्ड’ म्हणजे काय हो, काका?

मागील पावसाळ्यातील गोष्ट. चिखली तालुक्यातील एका गावच्या विहारात आम्ही दर रविवारी मुलांना इंग्रजी शिकवितो. त्या दिवशी नववीतील एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आली. सर्व रकाने भरलेले, प्रवर्गाचा तेवढा कोरा. आम्ही विचारले, “हा काहून सोडला माय?” मान खाली घालून ती म्हणाली, “काका, वर्गातले पोरं म्हणतात, शेड्यूल्ड म्हणजे हलके. खरं हाये का?”

वीस वर्षांच्या कारकुनीत हा शब्द आम्ही हजारो वेळा लिहिला. पण त्याचे मूळ कधी पाहिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. त्या रात्री शब्दकोश उघडला.

‘शेड्यूल’चे मूळ लॅटिन ‘शेडा’ या शब्दात आहे. शेडा म्हणजे पपायरसचे पान. प्राचीन इजिप्तमध्ये पपायरस नावाच्या पाणवनस्पतीपासून लिहिण्याचे कागद करीत. त्यावरून ‘शेड्यूला’ म्हणजे कागदाची लहान चिठ्ठी. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मोठ्या दस्तऐवजाला जोडलेल्या चिठ्ठीला तो लावू लागले. पुढे कायद्याच्या शेवटी जोडलेली यादी म्हणजे शेड्यूल झाले. तेव्हा ‘शेड्यूल्ड’ म्हणजे यादीत नाव असलेला. आपला ‘अनुसूचित’ शब्दही तेच सांगतो. यात हलके-भारी कोठे आले?

आम्ही बी.कॉम. झालो, म्हणून बँकेचे उदाहरण देतो. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये ज्या बँकेचे नाव असते, ती ‘शेड्यूल्ड बँक’. ही बिरुदावली बँका अभिमानाने पाटीवर लिहितात. आपली मराठी भाषा राज्यघटनेच्या आठव्या शेड्यूलमध्ये आहे. म्हणून मराठीला कोणी हलकी म्हणेल काय? शब्द एकच, मग आपल्याच वाट्याला आला की तो शिवी का व्हावा? दोष शब्दाचा नाही, बोलणाऱ्याच्या मनातील जातीचा आहे.

या नावामागे इतिहास आहे. पूर्वी सरकारी कागदांत आपणास ‘डिप्रेस्ड क्लासेस’, म्हणजे दबलेले वर्ग, म्हणत. हे नाव हीनपणाचे आहे, ते बदला, अशी मागणी बाबासाहेबांनी १९३१ साली गोलमेज परिषदेपुढील निवेदनात केली. १९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव आले. १९३६ च्या आदेशाला प्रांतवार जातींची यादी जोडली गेली. आपला बुलडाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडात, म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या यादीत आपली नोंद झाली. १९४२ साली नागपुरात बाबासाहेबांनी पक्ष काढला, त्याचे नावही ‘शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’. आपल्या आजोबांची शेकाफे ती हीच.

१९५६ साली आपण बुद्धाला शरण गेलो, तेव्हा याच यादीने अडविले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट होती. त्यामुळे बौद्धांच्या केंद्राच्या सवलती गेल्या. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे चौतीस वर्षे एका चिठ्ठीसाठी समाज झगडला. आणि आज आपलीच लेक तो रकाना कोरा सोडते!

पुढच्या रविवारी हे सारे मुलांना सांगितले. त्या मुलीने काही न बोलता पेन मागितला आणि रकाना भरला. मग म्हणाली, “काका, सोमवारी मीच वर्गात सांगते, शेड्यूल्ड बँक म्हणजे काय ते.”

माता-पित्यांनो, फॉर्म भरताना मुलांना जवळ बसवा. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारा, सांगा. ठाऊक नसेल तर आमच्याप्रमाणे शब्दकोश उघडा. ज्याला शब्दाचा अर्थ ठाऊक आहे, त्याला त्या शब्दाने कोणी खाली पाहावयास लावू शकत नाही.