शिडाची वाट (भाग ६) : तीन हजार मैलांची झीज

गेल्या आठवड्यात पनामा कालवा ओलांडून आपण गालापागोस बेटांपाशी थांबलो होतो. इथून फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केझास बेटांपर्यंत सुमारे ३,००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर नुसतं पाणी. वाटेत बेट नाही, बंदर नाही. चाळीस फुटी होडीला तीन आठवडे लागतात, कधी चार.

होडीला इंजिन असतं, मग शिडांचा खटाटोप कशाला? टाकीत ३०० लिटर डिझेल धरा. तासाला तीन लिटर जाळलं तर शंभर तास, म्हणजे जेमतेम ५०० मैल. उरलेलं अंतर वाऱ्याच्याच जिवावर. म्हणून गालापागोसहून थेट बेटांची दिशा न धरता होड्या आधी नैऋत्येला उतरतात आणि विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा मागे टाकून आग्नेय व्यापारी वारे गाठतात. मग वारा पाठीशी, आणि प्रवाहही पश्चिमेलाच ढकलणारा. बरेच जण मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतात, कारण दक्षिण पॅसिफिकमधला चक्रीवादळांचा मोसम तेव्हा सरत आलेला असतो.

मोसम साधला की या वाटेवर मोठं वादळ क्वचितच भेटतं. होडीला खाते ती झीज. वारा मागून असला की होडी रात्रंदिवस डाव्या-उजव्या अंगावर लोळते. पुढचं शीड बाहेर ताणून धरायला एक आडवी काठी लावतात, तिच्या टोकातून शिडाचा दोर जातो. प्रत्येक हेलकाव्याला तो दोर तिथे इंचभर मागेपुढे घासतो. मिनिटाला दहा वेळा धरलं तरी दिवसाला १४,४०० वेळा! बोटाएवढा जाड दोर बघता बघता पिंजतो. म्हणून जाणते लोक रोज सकाळी तो वीतभर सैल सोडतात, म्हणजे घासायला नवा भाग येतो. कुणी त्यावर पाण्याच्या जुन्या पाइपचा तुकडा चढवतं. रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे उचलता उचलता याच फेरीत सगळी होडी नजरेखालून घालायची. एखादा सुटा स्क्रू सापडला, तर चहा राहू द्यायचा आणि तो कुठून निखळला ते आधी शोधायचं. माझ्या मते या प्रवासातलं सगळ्यात मोठं कसब हेच आहे, पण त्याचे फोटो कुणी काढत नाही.

माणूसही झिजतो. दोघंच असले तर तीन-तीन तासांच्या पाळ्या. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं, म्हणून पाळीवरचा माणूस त्याहून कमी वेळाचा गजर लावतो.

ही वाट कधी याहूनही लांबते. बेल्जियन गायक झाक ब्रेल १९७५ मध्ये आपल्या जड पोलादी होडीतून पनामाहून निघाला, त्याला मार्केझासमधलं हिवा ओआ बेट गाठायला जवळजवळ दोन महिने लागले. तो तिथेच रमला. १९७८ मध्ये त्याला तिथल्या अटुओना गावाच्या दफनभूमीत, चित्रकार गोगँच्या जवळ पुरलं.

पहिला मुक्काम मार्केझासच का, याचं उत्तर उंचीत आहे. हिवा ओआचा डोंगर बाराशे मीटरहून उंच. हवा स्वच्छ असली तर लांबूनच दिसतो. पुढची तुआमोतू बेटं मात्र प्रवाळांची, पाण्याला टेकलेली. माडांचे शेंडे दिसेपर्यंत होडी खडकांच्या जवळ गेलेली असते. थकलेल्या डोळ्यांनी आधी तिथे जाऊ नये.

अटुओनाजवळच्या ताहाउकु खाडीत लाटा आतवर येतात. होडी आडवी फिरू नये म्हणून पुढे एक आणि मागे एक असे दोन नांगर टाकावे लागतात. मग कागदपत्रं घेऊन फ्रेंच पोलिसांच्या ठाण्यात जायचं. घड्याळंही लावून घ्यायची. आपल्यासारखाच अर्ध्या तासाचा हट्ट या बेटांनीही धरलेला, त्यामुळे भारताची वेळ बरोबर पंधरा तास पुढे. नवा दोर किंवा शिडाचा सुटा भाग हवा असेल, तर तो भरवशाने मिळण्याचं ठिकाण म्हणजे ताहितीचं पापेएते, आणखी सातशेहून जास्त मैलांवर. तोवर पिंजलेला दोर उलटा फिरवून, चांगलं टोक काठीकडे घेऊन वापरायचा.