जुन्या बेस गिटारला नवे भाग : बदलायचे काय, जपायचे काय?

गाण्याच्या कार्यक्रमात प्रेक्षकांचे लक्ष गायकाकडे असते, फार तर ढोलकीवाल्याकडे जाते. मागे उभा राहून चार जाड तारांवर खर्ज धरणाऱ्या बेस गिटारवादकाकडे क्वचितच कोणी पाहते. पण तो क्षणभर थांबला, की सारे गाणे पोकळ वाटू लागते. घराचा पाया दिसत नाही, म्हणून तो नसतो काय?

हे वाद्य जगभर पोहोचले ते प्रामुख्याने लिओ फेंडर या अमेरिकन कारागिरामुळे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. गंमत अशी, की त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! पण वादकांची अडचण त्यांनी ओळखली. माणसाएवढा उंच डबल बास गावोगाव न्यायचा म्हणजे हाल, आणि मोठ्या बँडमध्ये त्याचा आवाज बुडून जाई. फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' आणि १९६० साली 'जॅझ बेस' बाजारात आणली. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातून निघालेले हे वाद्य. मान धडाला स्क्रूने जोडलेली, खुंट्या सुट्या, ब्रिज सुटा. भाग बिघडला तर काढा आणि दुसरा बसवा, इतका सरळ हिशेब.

म्हणजे भाग बदलणे हा या वाद्याचा जन्मजात स्वभावच आहे. मग आज त्यावरून वाद का होतो? कारण त्या काळची वाद्ये आता साठी-सत्तरीला पोहोचली आहेत. १९६५ साली सीबीएस कंपनीने फेंडरचा कारखाना विकत घेतला. त्याआधीच्या वाद्यांना तर संग्राहक फार मोठी किंमत मोजतात. अशा वाद्यात एक नवे भोक पाडले, तरी ते कायमचे राहते. पण ज्याचे पोट त्या वाद्यावर आहे, त्याने गंजलेल्या खुंट्यांशी किती दिवस झुंजायचे?

दोन वादक, दोन वाटा

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन हे कृष्णवर्णीय वादक. त्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षे वादकांची नावे छापली जात नसत. जेमर्सन यांचे नाव ठळकपणे आले ते १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या मार्व्हिन गे यांच्या अल्बमवर. त्यांची १९६२ ची प्रिसिजन बेस जशी कारखान्यातून आली तशीच राहिली. ब्रिजवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, गुळगुळीत जाड तारा. तार तुटल्याशिवाय ते बदलत नसत. उजव्या हाताच्या एकाच बोटाने ते वाजवत. १९८३ साली त्यांच्या निधनापूर्वी काही दिवस ती गिटार चोरीला गेली.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेले मार्कस मिलर यांची वाट वेगळी. १९७७ च्या आपल्या जॅझ बेसवर त्यांनी 'बॅडॅस' नावाचा जड ब्रिज बसवला आणि कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांच्याकडून आत प्रीअँप बसवून घेतला. अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याच्या त्यांच्या शैलीला तो लखलखीत आवाज शोभून दिसला. पुढे फेंडर कंपनीने त्यांच्याच नावाची गिटार त्या ब्रिजसह बाजारात आणली.

कोण बरोबर? दोघेही. एकाला मऊ, गोल आणि लवकर विरणारा सूर हवा होता. दुसऱ्याला टणक, स्वच्छ आणि टिकणारा. भाग बदलण्यापूर्वी हाच पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : मला सूर कोणता हवा आहे?

ब्रिज : दुखणे ओळखा

फेंडरचा जुना ब्रिज म्हणजे वाकवलेला पोलादी पत्रा. सुरुवातीला त्यावर दोनच सॅडल असत, म्हणजे दोन तारांना मिळून एक. त्यामुळे चारही तारा वरच्या पट्ट्यांवर अचूक सुरात लावणे कठीण जाई. १९५७ पासून प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल मिळाले. पुढे सॅडलवर स्क्रूसारखे आटे आले. तार हव्या त्या खाचेत बसवता येते ही सोय. पण जोरात वाजवले की ती शेजारच्या खाचेत सरकते ही गैरसोय.

नव्या जड ब्रिजमध्ये तार जागेवरून हलत नाही आणि सॅडल डगमगत नाहीत. सूर अधिक वेळ टिकतो असेही अनेक वादक सांगतात. मात्र त्याबाबत एकमत नाही. त्यामुळे तक्रार सरकणाऱ्या तारेची असेल तर नवा ब्रिज जरूर घ्यावा. निव्वळ जड म्हणून घेऊ नये.

तीन गोष्टी नीट तपासाव्यात. पहिली, नव्या ब्रिजची भोके जुन्या भोकांवर तंतोतंत बसतात काय? दुसरी, नव्या ब्रिजची उंची. बूड जाड असेल तर तारा वर उचलल्या जातात आणि मग मानेच्या सांध्यात पातळ पाचर घालावी लागते. तिसरी, ब्रिजखाली दबलेली अर्थिंगची तार. ती धातूला टेकली नाही तर स्पीकरमधून घूं घूं आवाज सुरू होतो आणि वादक उगाच पिकअपला दोष देत बसतो! काही ब्रिजच्या सॅडलवर खाचाच नसतात. त्या कानशीने पाडाव्या लागतात. जास्त घासले की सॅडल वाया. हात बसलेला नसेल तर हे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे.

गिब्सनच्या १९७० च्या दशकातील बेस गिटारांचे दुखणे निराळे. त्यांचा ब्रिज तीन खुंटांवर उभा. उंची बदलायची तर सगळा ब्रिजच वर-खाली होतो; एकाच तारेची उंची बदलता येत नाही. त्यासाठी 'हिपशॉट' कंपनीचा 'सुपरटोन' हा ब्रिज मिळतो. तो त्याच जुन्या खुंटांच्या जागी बसतो, प्रत्येक तार वेगळी लावता येते आणि एकही भोक पाडावे लागत नाही. उत्तम सुटा भाग कसा असावा, याचा हा नमुना.

खुंट्या : मोजल्याशिवाय ड्रिल नको

जुन्या फेंडरच्या माथ्यावर खुंटीसाठी साधारण १७.५ मिलिमीटरचे भोक असते. आजच्या बऱ्याच खुंट्यांना १४ मिलिमीटर किंवा त्याहून लहान भोक पुरते. मोठ्या भोकात लहान खुंटी बसवायची तर मध्ये कडी घालता येते. उलट, लहान भोक मोठे करावे लागणार असेल तर थांबावे. ते लाकूड परत येत नाही.

हलक्या खुंट्यांचा एक खरा फायदा आहे. काही बेस गिटारांचे डोके जड असते आणि उभ्याने वाजवताना मान खाली झुकते. मग डावा हात सूर धरायचे सोडून मानच सावरत बसतो. माथा हा तरफेचे लांब टोक असल्याने तिथले थोडे वजन कमी केले तरी खांद्याला मोठा आराम मिळतो. जाड तारेसाठी कळ असलेली खुंटीही मिळते. कळ दाबताच सर्वांत खालचा 'ई' सूर 'डी'वर उतरतो.

पाच नियम

१) आधी दुरुस्ती, मग बदल. गंजलेला स्क्रू आणि कोरडे गिअर तेलाच्या थेंबानेही सुधारतात.

२) सैल भोकात कठीण लाकडाची काडी गोंदाने बसवून तिथेच नवे भोक घ्यावे. शेजारी दुसरे पाडू नये.

३) काढण्यापूर्वी फोटो घ्यावेत आणि मापे लिहून ठेवावीत.

४) काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून चिठ्ठी लावून गिटारीसोबतच ठेवावा.

५) विकताना काय बदलले ते स्पष्ट सांगावे. लपवाछपवी उघडी पडते आणि नाव जाते.

या नियमांमागे विचार एकच आहे. आपण केलेला बदल पुढच्या माणसाला मागे घेता आला पाहिजे. वाद्य तिजोरीत ठेवण्यासाठी बनलेले नाही. ते वाजलेच पाहिजे. पण आज ते आपल्या हातात आहे, उद्या मुलाच्या किंवा एखाद्या अनोळखी तरुणाच्या हातात जाईल. त्याला कदाचित जेमर्सन यांचा मऊ सूर हवा असेल, कदाचित मिलर यांचा टणक. ती निवड त्याला करता यावी एवढी जागा आपण शिल्लक ठेवली, तर आपली नवी खुंटी आणि जुने लाकूड दोन्ही सार्थकी लागले म्हणायचे.