आभासी विश्वे आणि वास्तुरचना

आभासी विश्वे म्हणजे संगणकावर निर्माण केलेली, अनेकांना एकाच वेळी वावरता येईल अशी त्रिमितीय स्थळे होत. तेथे गुरुत्वाकर्षणाचे बंधन नसते, ऊन-पावसाचा विचार करावा लागत नाही. त्यामुळे वास्तुरचनेच्या दृष्टीने ती प्रारंभी केवळ कल्पनाविलासाचे क्षेत्र वाटली. २०२२ साली झाहा हदीद आर्किटेक्ट्स या संस्थेने क्रोएशिया-सर्बिया सीमेवरील लिबरलँड या स्वयंघोषित राष्ट्रासाठी आखलेले आभासी नगर याच प्रकारातले. परंतु आराखडा कोणी करावा, या प्रश्नावर या विश्वांचा झालेला परिणाम अधिक महत्त्वाचा आहे.

'सेकंड लाइफ' हे विश्व २००३ साली खुले झाले. तेथे 'स्टुडिओ विकिटेक्चर' या गटाने विकीच्या धर्तीवर सामूहिक रचनेचा प्रयोग केला. आराखड्याची प्रत्येक आवृत्ती एका आभासी वृक्षाचे पान म्हणून टांगली जाई. सदस्य तिच्यावर मत देत आणि पसंतीच्या आवृत्तीवर पुढील काम होई. नेपाळमधील एका आरोग्यकेंद्राच्या अशा आराखड्याला स्पर्धेत पारितोषिकही मिळाले.

ब्लॉक बाय ब्लॉक

यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आणि 'माइनक्राफ्ट' हा खेळ तयार करणारी मोजांग ही स्वीडिश कंपनी यांनी २०१२ साली हा उपक्रम सुरू केला. आरंभीचा प्रयोग नैरोबीतील किबेरा या दाट झोपडवस्तीतील मैदानावर झाला. मजल्याचा नकाशा किंवा उभा छेद सामान्य माणसाला वाचता येत नाही. वास्तुविशारदासमोर रहिवासी गप्प बसतो, त्याचे एक कारण हेच. माइनक्राफ्टमध्ये मात्र एक मीटर बाजूचे ठोकळे रचून बाक, दिवा, भिंत लगेच उभी करता येते आणि त्या जागेतून चालूनही पाहता येते. कार्यशाळेत रहिवासी प्रथम प्रत्यक्ष जागा पायी पाहतात, मग लहान गटांत एकेका संगणकावर प्रतिकृती रचतात आणि ती अधिकाऱ्यांपुढे मांडतात. अनेकांनी त्यापूर्वी माउसही हाती धरलेला नसतो. तरीही थोड्याच वेळात ते सरावतात, विशेषतः मुले.

मर्यादा

ठोकळ्यांत जमिनीचा हलका उतार, वक्र रेषा किंवा गटाराची खोली नीट दाखवता येत नाही. मातीची धारणक्षमता आणि खर्च यांचाही हिशेब त्यात नसतो. म्हणून बांधकामाचे नकाशे तज्ज्ञांना स्वतंत्रपणे काढावे लागतात. त्या टप्प्यावर रहिवाशांच्या सूचनांपैकी किती टिकतात, हे स्थानिक प्रशासनाच्या इच्छेवर अवलंबून राहते.